एकाच नळीतली हवा

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. मला वाद घालायचा नाही. गोष्ट माझ्या मामाची आहे. मामा थापा मारतो, अगदी पोटभर मारतो, पण आपण घाबरलो अशी थाप तो मेला तरी मारणार नाही.

मागच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. घाटाचा रस्ता. धुकं असं, की बॉनेटच्या पुढे जगच संपलेलं.

गाडीत दोघंच. मामा आणि मामी. मामीला आठवा महिना. तपासणी करून दोघं घरी चालले होते.

आधी नळीचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

मामाचं टायरचं दुकान आहे. हल्लीच्या गाड्यांना प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला लागून, एक सेन्सर असतो. काड्यापेटीएवढा. तो चाकातली हवा मोजतो आणि आकडा ड्रायव्हरसमोर स्क्रीनवर दिसतो. हवा उतरली की टिंग वाजतं आणि पिवळा दिवा लागतो. लोकांना त्या दिव्याचा भारी वैताग. मग मामानं जुगाड काढला. चारही सेन्सर चाकांतून काढायचे, एका जाड प्लास्टिकच्या नळीत टाकायचे, दोन्ही तोंडं बंद करायची, नळीत तेहतीस हवा भरायची आणि ती डिकीत ठेवून द्यायची.

चाकाचं काही का होईना, स्क्रीनवर कायम तेहतीस. दिवा गप्प.

मामाच्या स्वतःच्या गाडीतही नळीच होती. "मी टायरवाला. माझ्या गाडीची हवा मला दिव्यानं सांगायची?" असं तो दुकानात म्हणायचा. घरी मात्र बोलला नव्हता.

मामी आपली कौतुक करायची. "गाडी किती गुणाची. कधी म्हणून तक्रार नाही. मालकावर गेली नाही ते बरं."

तर त्या संध्याकाळी, घाट उतरताना...

टिंग.

पिवळा दिवा.

तीन चाकांपुढे तेहतीस. मागच्या डाव्यापुढे एकोणतीस.

मामा हसला. "सेन्सर गेला वाटतं."

आणि हसता हसता त्यानं परत आकड्याकडे बघितलं.

चारही सेन्सर एकाच नळीत. हवा एकच. नळी गळली तर चारही आकडे उतरायला हवेत. एकटाच कसा उतरेल? आणि सेन्सर बिघडला तर स्क्रीनवर आकड्याऐवजी नुसती रेघ येते. तो असा पायरी पायरीनं खाली येत नाही.

सव्वीस.

"अहो, थांबवा."

"अगं, काही नाही. ते नळीचं आहे."

"कसली नळी?"

मामानं वायपर जोरात लावला.

बावीस.

"धुक्यात कुठं थांबवू? मागून कोणी ठोकलं म्हणजे?"

"आणि टायर फुटला म्हणजे?"

एका बाजूला दरी. मागून ट्रक येत असला तर तो दिसणारही नाही. थांबलं तरी पंचाईत, चाललं तरी पंचाईत. मामीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

अठरा.

"मी एकटी असते तर बोलले नसते," ती म्हणाली. "थांबवा."

रस्ता जरा रुंद झाला तिथं मामानं गाडी कडेला घेतली. चावी चालूच ठेवून उतरला.

बाहेर... काहीच आवाज नाही. किडा नाही, पाखरू नाही. कानात कापूस कोंबावा तसं.

त्यानं हवा मोजायचा गेज लावून चारही चाकं बघितली. तेहतीस. तेहतीस. तेहतीस. मागचं डावं... तेहतीस.

डिकी उघडली. नळीला गेज लावला. तेहतीस.

"अहो, अकरा झाले," मामी आतून म्हणाली.

"बघतोय."

"सहा."

मग तिनं आतून काचेवर टकटक केलं.

"काय झालं गं?"

"शून्य."

मामा वैतागला. वाकला आणि मागच्या डाव्या टायरवरून हात फिरवला. बाहेरून, वरून, मग आतल्या बाजूनं, जिथं सहसा कुणी बघत नाही.

हात तिथंच थांबला.

लिंबाएवढा फुगा. गरम. त्यातून तारा बाहेर आलेल्या.

हवा बरोबर होती... टायर संपला होता. आणखी दोन वळणं गेला असता की नसता, देव जाणे.

आता हे ऐका. टायरला फुगा आलाय हे कुठल्याच सेन्सरला कळत नाही. त्याला फक्त हवा कळते.

मामानं नळी रस्त्यावर ठेवली, जॅक लावला, स्टेपनी चढवली. ती स्टेपनी गाडीबरोबर आलेली. रिमवरून टायर एकदाही काढलेला नाही. सेन्सर तिच्यात कधीच नव्हता.

शेवटचा नट आवळला आणि...

टिंग.

"दिवा गेला," मामी म्हणाली. "तेहतीस झाले बघा."

नळी मामाच्या पायाशी पडलेली होती.

मामा म्हणतो, दिवा लागला तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि करवतीनं नळी कापली.

आत तीनच सेन्सर.

नळीचं प्लास्टिक अखंड. झाकणं चिकटलेली. चौथा बाहेर पडणार कुठून?

मग त्याला आठवलं. त्याच्या गाडीचा एक सेन्सर मेला होता म्हणून त्यानं भंगारातल्या रिमचा काढून नळीत टाकला होता. ओळखू यावा म्हणून वर मार्करनं फुली मारली होती. भंगारवाला तेव्हा हसत म्हणाला होता, "घाटात दरीत गेलेल्या गाडीचं रिम आहे, शेठ. मालकानं दिव्यावर काळी टेप लावली होती म्हणे."

मामानं ती स्टेपनी मशिनवर घेतली. टायर रिमवरून सुटला.

आत, वॉल्व्हला लागून, जिथं असायला हवा बरोबर तिथंच सेन्सर बसलेला. स्क्रू घट्ट आवळलेला.

वर फुली.

मामानं त्याला हात लावला नाही. टायर तसाच परत रिमवर चढवला आणि चाक मागे डावीकडेच लावलं.

तेव्हापासून तो नळ्या करत नाही. गिऱ्हाईक मागे लागलं तर सांगतो, "मला नाही जमत." गाडी विकायला निघाला होता, पण मामी अडून बसली. "माझी पोर जिच्यामुळे आहे ती गाडी विकता?"

पोरगी आता रांगते. मामी तिला घेऊन त्याच गाडीनं फिरते.

मामीला एक गोष्ट अजून माहीत नाही. मला मामानंच सांगितली, तीही एकदाच. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी तो चारही चाकांना हात लावतो. गाडी रात्रभर अंगणात उभी. दार बंद, चावी त्याच्या उशाखाली. तीन चाकं दगडासारखी थंड.

मागचं डावं...

कोमट असतं. नुकतंच लांबून आल्यासारखं.

"हवा बघितलीत का हो?" मामी पोरीला कडेवर घेऊन दारातून विचारते.

"बघितली," मामा म्हणतो.

आणि हात पँटला पुसत राहतो.