पुलाकडून आलेली गाडी

दार लोटून घ्या आधी. ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या वर्गात होता.

जुन्या हमरस्त्याला त्याचं लॉज होतं. सगळे त्याला शेठ म्हणायचे. एके काळी तिथे रात्री खोली मिळायची मारामार. मग बायपास झाला आणि दोन-तीन वर्षांत अख्खं गावच तिकडे सरकलं. पेट्रोलपंप गेला, गॅरेजं गेली, बसस्टँडही गेलं. तिकडच्या शेतांत चारमजली इमारती उठल्या. इकडे उरली कुलपं, आणि शेठ. "आमच्याकडे आता फक्त डास मुक्कामाला येतात," तो म्हणायचा. बायको पूर्वी हसायची, आता हसत नव्हती. लॉज बंद करून लेकीच्या दारात जाऊन पडायचं, एवढंच राहिलं होतं.

नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. दिवेलागणीला शेठ पाना घेऊन निघाला.

"आता कुठे?" बायकोने विचारलं.

"फाट्यावर. पाटीचा बोल्ट सैल झालाय. पडायची एखाद्याच्या डोक्यात."

बोल्ट घट्ट होता. त्याने तो सैल केला आणि पाटीवरचा बाण जुन्या रस्त्याकडे वळवला. लॉजच्या पुढचा नदीवरचा पूल पावसाळ्याआधीच पाडला होता. तोंडाशी मोठाले दगड आडवे लावले होते. वाट चुकलेली गाडी दगडांपर्यंत जाईल, मागे फिरेल, आणि एवढ्या रात्री दिवा दिसेल तिथे थांबेल. कुणाचं काय बिघडणार होतं?

साडेअकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी आली. शेठ हात हलवत रस्त्यावर धावला. गाडी भुर्रकन निघून गेली.

"येईल परत. चहा टाक."

चहा निवला. बायकोने पुन्हा गरम केला. पुन्हा निवला.

मग पुलाच्या बाजूने दिवे आले. आवाज मात्र आला नाही. गाडी पायरीशी थांबली. तिघं उतरली: एक तरुण, त्याची बायको आणि म्हातारी आई. केसांपासून पायांपर्यंत मातीने माखलेली.

"खोली मिळेल?" म्हातारीने विचारलं. 

"मिळेल की! या ना, या." शेठचा आवाज आनंदाने कापत होता.

त्याने वरची हवेशीर खोली उघडून दिली. म्हातारी खाटेशी उभी राहिली.

"बाळा, पुढे रस्ता आहे का रे?"

"नाही आई. पूल पाडलाय."

"मग पाटीवर...?"

 म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली...

तो खाली आला. बायको जिन्यात उभी होती. चेहरा पांढराफटक.

"अहो... पुलाच्या तोंडाचे दगड परवाच नेले ना. ट्रॅक्टरवाल्यांनी. बायपासच्या इमारतींच्या पायात भरायला."

"काय?"

"दगड नाहीत तिथे..."

शेठ उलटा वर धावला. दार सताड उघडं. खोलीत कुणी नाही. चादरीवर सुरकुतीसुद्धा नाही. खिडकीतून पाहिलं. अंगणात गाडी नाही.

टॉर्च घेऊन तो पुलाकडे पळत सुटला. रस्ता होता... होता... आणि मग नव्हता.

खाली, कोरड्या पात्रात, पांढरी गाडी उलटी पडली होती. एक दिवा अजून जळत होता. त्याने हाका मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या.

कुणी ओ दिली नाही.

तिथून तो फाट्यापर्यंत धावला. पाना नव्हता, हातांनीच पाटी फिरवली, बोटं सोलून निघाली. तसाच चौकीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. पुढे त्याने शिक्षा भोगली. लॉज पुन्हा उघडलं नाही.

पण त्या सकाळी हवालदार लॉजवर पंचनाम्याला आला होता. अंगणातल्या धुळीत चाकांच्या ताज्या खुणा होत्या. पुलाकडून आलेल्या, थेट पायरीपर्यंत. हवालदाराने वाकून पाहिलं. चारी बाजूंनी फिरून पुन्हा पाहिलं.

परत जाणारी एकही खूण नव्हती.