गवतातला करकऱ्या

फेस्टस गॉहन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या कपड्यांना ओल्या गवताचा वास होता. टोपी काढली तसं टक्कल लखलखलं. आणि वरच्या खिशातून हाडाचा कंगवा डोकावत होता. दार उघडणाऱ्या मदतनीस मॅनसला हसू आलं. लोकांच्या भानगडींचा छडा लावून देणारी नुआला हेनेगन हसली नाही.

मेयो परगण्यात करकऱ्या पक्षी आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ज्याच्या कुरणात हे लाजरं पाखरू दडून करकरेल, त्यानं ऑगस्टपर्यंत गवत कापायचं नाही आणि सरकारनं त्याबद्दल अनुदान द्यायचं, असा करार. फेस्टसला ते दरवर्षी मिळे. आता त्याच्या कुरणाबद्दल अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याकडे निनावी पत्र गेलं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘तिथे तीन उन्हाळे पक्षी नाही. जो ओरडतो तो वीस हाकांनी दमतो, माणसासारखा.’

“कुणी लिहिलं तेवढं शोधा, बाई,” फेस्टस खोकत म्हणाला. “अनुदान गेलं तर जाऊ दे. पण लिहिणारा उद्या माझ्या बहिणीलाही सांगेल. डेलिया अंथरुणाला खिळलीय. पहाटेची करकर ऐकते, म्हणून दिवस काढते.”

गावाचा संशय शेजारच्या लावेलवर होता. त्याला फेस्टसची जमीन घेऊन तिथे लाकडासाठी स्प्रूसची झाडं लावायची होती. तो ट्रॅक्टरवरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, कानातलं यंत्र बशीत काढून ठेवतो आणि आठपर्यंत झोपतो. पाखरूच काय, बायकोही ऐकू येत नाही, देवाची कृपा.

पक्षी मोजणारी ओर्ला खात्याचीच. तिनं चाचरत सांगितलं, की करकऱ्याचा आवाज टेपवर वाजवला की खरा नर भांडायला धावून येतो. फेस्टसच्या कुरणातला मात्र गप्प झाला. मे महिन्यात फेस्टस छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होता, त्या आठवड्यातही कुरण मुकंच होतं. पुढच्या अहवालात ती हे लिहिणारच होती.

डेलिया उताणी पडून, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून शब्दकोडं सोडवत होती. पेन्सिल बोथट झालेली पाहून मॅनसनं आपलं पेन पुढे केलं.

“राहू दे रे बाबा. उताणं पडून लिहिलं की शाई उतरतच नाही.” मग नुआलाकडे वळून तिनं हळूच विचारलं, फेस्टसचा खोकला ऐकलात का?

नुआलानं तिथेच, पलंगाशेजारी, फेस्टसला बोलावलं. मॅनसनं तिची बाही ओढली. तिनं सोडवून घेतली.

“कंगवा दाखवा, फेस्टस. डोक्यावर केस नाहीत, तरी दात झिजलेत. नखानं खरवडलं की हुबेहूब करकऱ्या. म्हणून तुम्ही इस्पितळात गेलात की पाखरू मुकं, आणि टेप वाजली की तुम्ही घाबरून गप्प.”

“हिच्यासमोर नको,” फेस्टस पुटपुटला.

“हिला ठाऊक आहे. पत्र लिहिणारा रोज पहाटे जागा राहून हाका मोजत होता. लावेल तेव्हा ठार बहिरा. ओर्लाला निनावी लिहायची गरजच नव्हती, तिचा अहवाल पुरला असता. आणि पत्र पेन्सिलीनं लिहिलंय.”

फेस्टस पलंगाच्या कडेवर बसला.

“कधीपासून, डेलिया?”

“पहिल्या उन्हाळ्यापासून. खरा करकऱ्या कधी शिंकतो का?”

“मग मला सांगायचं.”

“कुठल्या तोंडानं? माझ्यासाठी तू दवात पडून राहायचास. त्या छातीनं. वाटलं, सरकारनं बंद पाडलं तर घरात निजशील.”

फेस्टसनं कंगवा काढून पांघरुणावर ठेवला. मग म्हणाला, उद्या आपणच खात्यात जाऊन सांगून येतो, गायी विकून पैसे फेडतो. पण एक त्याला कळत नव्हतं.

“खोटं आहे हे माहीत होतं, तर रोज पहाटे जागी कशाला राहायचीस?”

डेलियानं त्याचा गारठलेला हात आपल्या पांघरुणात ओढून घेतला.

“आवाज येतोय तोवर माझा भाऊ जिवंत आहे, एवढं कळायचं.”