पत्ते वाटणारे दोघे

साल २०६८. रेणुकाची आई चंद्रावरच्या तळावरून पाच वाजेपर्यंतच बोलू शकणार होती. मग ती नव्या चांद्रगाडीतून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार आणि तीन आठवडे बोलणं बंद. चार चाळीस झाले होते आणि भिंतीवरचा पडदा म्हणत होता, 'संपर्क नाही.' फ्रीज मात्र मजेत हवामानाचा अंदाज सांगत होता.

"फ्रीजला नेट आहे आणि मला नाही?" रेणुका कडाडली.

"सोसायटीचा कारभार!" आजोबा म्हणाले. ते निवृत्त शास्त्रज्ञ असल्यामुळे बिघाडाचं कारण त्यांना बिघाडाआधीच माहीत असे. "पडदा बंद करून चालू कर."

"पाचदा केला, आजोबा!"

सोसायटीचा दुरुस्ती-यंत्रमानव सोपान आला. त्याने पडद्याची तपासणी केली. "याचा पत्ता आम्ही दिलेला नाही."

"कसला पत्ता?"

"सुरू होताना प्रत्येक यंत्र ओरडतं, 'मला पत्ता द्या!' डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा कारकून) पत्ता देतो आणि बाहेर नेटवर जायचं दारही दाखवतो. सोसायटीत असा कारकून एकच आहे. म्हणजे, असायला हवा."

"आणि दुसरा आला तर?"

"ज्याचं उत्तर आधी येतं, यंत्र त्याचंच ऐकतं. फ्रीज कालच्याच पत्त्यावर सुखात आहे. पडदा तू आज चालू केलास, तेव्हा त्याने नवा पत्ता मागितला आणि तो तोतयाने दिला. त्याने दाखवलेल्या दारामागे भिंत आहे."

"मग धर ना त्याला! की तो पाटी लावून बसलाय?"

"मी नवं यंत्र असल्याचं नाटक करतो आणि उत्तरं मोजतो." सोपानने पत्ता मागितला. "दोन आली."

"कोण गाढव आहे हा?" आजोबा गरजले. "सभेत नाव वाचून दाखवा!"

"उत्तरावर पाठवणाऱ्याचा यंत्रक्रमांक असतो. तो कुठल्या तारेतून आला, हे स्विचला (सगळ्या घरांच्या तारा जुळतात त्या डब्याला) ठाऊक असतं. घर क्रमांक तीनशे दोन."

"हेच तीनशे दोन आहे," रेणुका म्हणाली.

तारेचा माग काढत ती आजोबांच्या खोलीत गेली. कपाटावर एक पिवळा पडलेला राउटर लुकलुकत होता.

"सकाळीच जोडला," आजोबा दारातून म्हणाले. "खोलीत रेंज येत नाही. आणि तीस वर्षांचा असला तरी ठणठणीत आहे. टाकायचा कशाला?"

रेणुकाने तार उपटली. पडदा तरीही म्हणाला, 'संपर्क नाही.'

"आता काय!"

"त्याने चुकीचा पत्ता धरून ठेवलाय. नवा मागायला लाव," सोपान म्हणाला. "तोवर मी स्विचला सांगतो, पत्त्याचं उत्तर खऱ्या कारकुनाच्या तारेतून आलं तरच पुढे सोड. उद्या कुणी दहा राउटर जोडू दे, कोणी ऐकणार नाही."

रेणुकाने पडदा पुन्हा बंद-चालू केला. चार छप्पन्नला तो उजळला.

"किती उशीर, रेणू! झालं काय?" आईने विचारलं.

मागे आजोबा 'सांगू नको' म्हणून जोरजोरात मान हलवत होते.

"ते तीन आठवड्यांनी सांगते," रेणुका म्हणाली. "चारच मिनिटं आहेत. आधी तुझी गाडी दाखव."