लांब दांड्याची वाटी

“सासूबाईंना मीच भाजलं असेल का हो?”

आत आलेल्या मुलीनं बसायच्या आधीच हे विचारलं. वहिनींनी चष्मा वर सरकवला. खासगी गुप्तहेराकडे लोक येतात ते दुसऱ्याचं पाप शोधायला. स्वतःचं शोधून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनाही नवंच होतं.

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत, कारण त्यांचे धाकटे दीर दर वाक्याला तेच म्हणत. हे भाऊजी गाडी चालवायचे, दार उघडायचे आणि चुकीचा माणूस पकडायचे. बाकीचं वहिनी बघायच्या.

“बस. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग.”

रविवारी भर दुपारी घरात जेवणाची तयारी चालली होती. नवऱ्यानं टेबलावर ठेवायची छोटी स्पिरिटची शेगडी आणली होती, सूप गरम राहावं म्हणून. मुलीनं आतच स्पिरिट भरलं, टेबलावर शेगडी पेटवली आणि बाउल आणायला स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात भडका! टेबलाशी सासूबाई एकट्या. दोन्ही हात आणि हनुवटी भाजली.

“त्या काय म्हणतात?”

“‘कळलंच नाही गं,’ एवढंच. मी रोज दवाखान्यात जाते, घास भरवते, माफी मागते. घरी सगळे म्हणतात, मीच काठोकाठ भरलं. नवरा म्हणतो, आई घरी यायच्या आत तू माहेरी जा. लेक इथेच राहील. आता मलाही वाटतं, भरलं असेल मीच.”

ती गेल्यावर भाऊजी हळहळले. “पोरगी गोड आहे हो वहिनी. पण शेगडी तिनंच भरली, तिनंच पेटवली. झालं की!”

“तुमचं नेहमी लवकरच होतं, भाऊजी. गाडी काढा.”

घर नीटनेटकं होतं. जेवणाचं टेबल मोठ्या खिडकीला लागून, त्यावर लख्ख ऊन पडलेलं. स्पिरिटची बाटली खिडकीतच होती. शेगडीचे सुटे भाग खोक्यात भरून ठेवले होते. त्यातून वहिनींनी एक पितळी वस्तू उचलली. लांब दांड्याच्या टोकाला इवलीशी खोल वाटी. बाहेरून झकास चकचकीत. आतून मात्र काठापर्यंत काळी-निळी, वरची झिलई फोड आल्यासारखी फुगलेली.

ती हातात खेळवतच त्या एकेकाशी बोलल्या. आधी मुलीचा नवरा.

“मी बाल्कनीत फोनवर होतो. तिला धांदरटपणा नडला, दुसरं काय?”

“हे काय हो असतं? आमच्याकडे नाही असलं काही.”

“टोपी आहे ती. ज्योतीवर पालथी घालायची, की विझते.”

नणंद आतल्या खोलीत कपडे बदलत होती म्हणे. वाटी बघताच म्हणाली, “विझवायची टोपी. आमच्या शेगडीलाही आहे. दादाच्या बायकोला माहीत नसेल, तर मात्र कठीण आहे!”

मुलीला विचारलं, तर तिनं न बोलता ती वाटी शेगडीवर पालथी घालून दाखवली.

शेवटी सासरे. भिंतीवरच्या फोटोत भरघोस मिशा, समोर मात्र तुळतुळीत ओठ.

“मी हात धुवायला गेलो होतो,” ते म्हणाले. वाटीकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. “ते ना? स्पिरिट घालायचं माप.”

“बाबांनी जन्मभराची मिशी काढली,” मुलीचा नवरा मध्येच म्हणाला. “त्याच रात्री. आई बरी होईपर्यंत ठेवणार नाही म्हणाले.”

भाऊजींचे डोळे पाणावले. “वहिनी, असं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही.”

“खरंय,” वहिनी म्हणाल्या. “सगळे इकडे या बरं.”

त्यांनी शेगडीत चमचाभर स्पिरिट घातलं, काडी लावली आणि भाऊजींना पुढे ढकललं.

भाऊजींनी वाकून पाहिलं. “पेटलीच नाही की,” म्हणत त्यांनी बोट पुढे केलं आणि “आई गं!” करून मागे उडी मारली.

“स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही,” वहिनी म्हणाल्या. “रविवारीही कुणाला तरी वाटलं, विझली. त्यानं स्पिरिट घालायला हे घेतलं. टोपी पालथी घातली की ज्योत लगेच मरते, आत असे फोड येत नाहीत. आणि टेबलावरच्या भडक्यानं काळी झाली असती, तर बाहेरूनही झाली असती. ही फक्त आतून जळलीय, म्हणजे आत भरलेलं स्पिरिट पेटलं होतं. चटका बसला, हात झटकला, जळतं स्पिरिट समोर उडालं.”

“पण कुणी?” नवऱ्यानं विचारलं.

“जो हिला टोपी समजतो, तो हिच्यात स्पिरिट भरेल का? तुम्ही तिघं समजता. शिवाय सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांना दिसलं नाही, हे कसं शक्य आहे? त्या गप्प आहेत, म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालताहेत. सुनेला? मग ‘तिनं काही केलं नाही’ एवढं तरी बोलल्या असत्या.” वहिनी सासऱ्यांकडे वळल्या. आवाज खाली आला. “मिशी करपली होती ना, काका?”

सासऱ्यांचा हात नकळत ओठावर गेला.

“सूप गार होईल म्हणून...” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “घाबरलो. न्हाणीघरात पळालो. बाहेर आलो, तोवर सगळे हिलाच बोलत होते. सांगणार होतो. शपथेवर सांगतो, रोज सांगणार होतो. पण हिची सासूच म्हणाली, दवाखान्यात, ‘गप्प बसा. पोरांसमोर मान खाली घालाल.’ आणि मला बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं.”

नणंद पदराशी चाळा करत बसली. नवरा बायकोजवळ गेला.

“मला काय माहीत, की बाबा... तू कुठे जायचं नाहीस आता. ऐकतेस ना?”

मुलीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सासऱ्यांनाच म्हणाली, “मी रोज त्यांच्या पाया पडत होते, बाबा. त्या रोज म्हणायच्या, ‘जाऊ दे गं, माफ केलं तुला.’”

सासऱ्यांनी हात जोडले. “चल, आत्ता चल. तिच्यासमोर सांगतो सगळं.”

“तुम्ही जा. घास तुम्हीच भरवा.”

तिनं लेकीला हाक मारली, तिच्या पायात चपला घातल्या आणि तिचा हात धरून, कुणाला न विचारता, माहेरची वाट धरली.