थांब म्हणायचं राहून गेलं

एकाच खोक्यात दोघांचे हात एकदम गेले... आणि बोटांना बोटं लागली.

ती दिव्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. तो मुख्य कचेरीतून आलेला. रोज नमुने काढायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे ‘नमुना’च म्हणायचे.

“खराब निघालेला दिवा परत खोक्यात टाकलात?” त्यानं विचारलं.

“नोंद झाली की टाकते. बिघडलं काय?”

“परत टाकून खोकं हलवलंत, तर पुढचा दिवा खराब निघण्याची शक्यता तेवढीच राहते. त्या स्वतंत्र घटना. पण बाजूला ठेवलात, तर आत एक खराब कमी. आधी काय निघालं, त्यावर पुढचं ठरतं. त्या अवलंबी घटना.”

तिनं दिवा बाजूला ठेवला. “नेमकं इथेच माझं घोडं अडतं. निरीक्षकाची परीक्षा द्यायचीय.”

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. शेजारच्या टेबलावरची मावशी मुद्दाम पाठ करून बसायची.

एकदा त्यानं नाणं उडवलं. लागोपाठ तीनदा छापा.

“आता काटा पडणारच,” ती म्हणाली.

“का? नाण्याला थोडंच आठवतंय आधी काय पडलं ते?”

“नाण्याला नसेल आठवत... मला कालचं सगळं आठवतं.”

तो नाणं उडवायचं विसरला. त्याचे कान लाल झाले, आणि ती उगाच दिव्यांची काच पुसत राहिली.

एका दुपारी त्यानं डबा उघडलाच नाही.

“नवा कारखाना निघतोय, दूरच्या शहरात. मला बोलावलंय,” तो म्हणाला. “तुमच्या... परीक्षेचं कसं होईल?”

तिनं आपला डबा बंद केला. म्हणजे ठरलंच याचं. आपल्याला नुसतं कळवतोय. डोळे भरून येण्याआधी ती हसली.

“तुमची बदली आणि माझी परीक्षा. दोन्ही स्वतंत्र घटना. एकीचा दुसरीशी काय संबंध?”

तोही हसला – जरा उशिराच. “उदाहरण बरोबर आहे,” म्हणाला आणि उठला. तो आणखी काही बोलेल म्हणून ती वाट बघत बसली.

पुढच्या आठवड्यात तो गेला.

काही महिन्यांनी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मावशीनं तिला जवळ घेतलं.

“एक सांगू? त्याचं जायचं ठरलं नव्हतं गं. ‘ती थांब म्हणाली तर नाही जाणार,’ म्हणाला होता मला. मला वाटलं, तुला विचारलं असेल त्यानं.”

त्यानं विचारलंच होतं. त्याच्या पद्धतीनं.

तिनं तिथूनच फोन लावला. “त्या दिवशी मी खोटं बोलले. संबंध होता,” ती एका दमात म्हणाली. “तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं मला.”



“घरच्यांनी स्थळ आणलं होतं,” तो हळूच म्हणाला. “मागच्याच महिन्यात होकार दिला. चांगली आहे मुलगी. तिला आता...”

“नाही, नाही. तसं काही करू नका.”

“थोडं आधी...”

“हो.”

फोन कुणीच ठेवेना.

“पास झालीस ना?” त्यानं विचारलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिला ‘तू’ म्हटलं होतं.

“झाले,” ती म्हणाली... आणि मग मात्र तिला रडू आवरेना.