विहिरीवरची सावली

"आली! आली!" पिएरोस ओरडला.

"बकरी आहे ती," मेताक्सिया म्हणाली. "पावाच्या गाडीच्या गळ्यात घंटा नसते!"

फ्रोसो खो खो हसली. पिएरोस आणि फ्रोसो ही भावंडं खालच्या बंदरातली. रोज सकाळी चढण चढून लाकोवूनीला यायची, कारण सुट्टीला पिरेयस शहरातून आलेल्या मेताक्सियाला खेळायला इथे दुसरं कोणीच नव्हतं. होती ती सहा म्हातारी माणसं. त्यातले एक तिचे आजोबा. सगळं गाव त्यांना पापू म्हणायचं. संध्याकाळी भावंडं उतरून गेली, की दगडी मनोऱ्यांमध्ये तिला स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा.

पावाची गाडी महिनाभर आली नव्हती. पापू रस्क पाण्यात बुडवून खात होते.

"मी आणत जाईन ना पाव," पिएरोस म्हणाला.

"आणि शाळा सुरू झाल्यावर?"

काल अथेन्सहून काकाचा फोन आला होता. 'पावसुद्धा मिळत नाही तिथे! रविवारी तुम्हाला न्यायला येतो, सामान बांधून ठेवा. घराला कुलूप लावू.' पापूंनी फोन ठेवला आणि तासभर समुद्राकडे बघत बसले. मेताक्सियाने ते पाहिलं होतं.

"चला, फाट्यापर्यंत जाऊ," ती उठली. "गाडी नेमकी वळते कुठे ते बघू!"

फाट्यावर पर्यटकांसाठी नवा कोरा फलक उभा होता. ग्रीसच्या मानी किनाऱ्याची ओळख, नकाशा, खाली गावांचे फोटो. फ्रोसोने मोठ्याने वाचलं, "लाकोवूनी. निर्जन गाव. मनोरे पाहण्यासारखे."

"निर्जन?" पिएरोस किंचाळला. "मग ही कोण, भूत?"

तेवढ्यात पावाची गाडी आली आणि सरळ पुढे निघाली. पिएरोसने हात आडवे करून ती थांबवली. चालवणारा नवखा होता.

"वर कोण राहतं रे? नगरपालिकेच्या नकाशात तर फुली आहे!" असं म्हणून त्याने त्यांच्या हातावर एक पाव ठेवला आणि गाडी दामटली.

मेताक्सिया मात्र फोटोच बघत होती. "थांबा! मनोऱ्याची सावली बघा. विहिरीच्या काठाला टेकली आहे."

"मग?"

"सावली म्हणजे घड्याळ! ती तिथे कधी टेकते ते बघितलं, की फोटो किती वाजता काढला ते कळेल, आणि माणसं का दिसली नाहीत तेही."

"सावली रोज थोडी सरकते," पिएरोस म्हणाला. "फोटो मे महिन्यातला असला तर?"

"आणि ही अंजिरं?" मेताक्सियाने विचारलं. फोटोच्या कोपऱ्यात, पापूंच्या ओट्यावर, चटईवर अंजिरं वाळत होती. "अंजिरं ऑगस्टच्या शेवटीच वाळवतात. म्हणजे मागच्या वर्षी, याच दिवसांत!"

दुपारी तिघं विहिरीपाशी उन्हात बसली. सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद. पापूंचं घोरणंही जाड भिंतीतून बाहेर येत नव्हतं.

"खरंच निर्जन वाटतं गं," फ्रोसो कुजबुजली.

मेताक्सियाने बंद झडपांकडे पाहिलं. फलक खोटा होता, पण अगदीच खोटा नव्हता.

सावली काठाला टेकली. चार वाजायला वीस मिनिटं!

"झोपेची वेळ!" तिघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पापूंना घेऊन नगरपालिकेत गेली. फलकाचं काम करणारे दिकेओस फुगून बसले. "मी स्वतः गेलो होतो! एकही माणूस दिसला नाही!"

"दार वाजवलंत?" मेताक्सियाने विचारलं.

"दुपारच्या झोपेत? मला काही रीत आहे की नाही?"

"अरे, तो तू होतास?" पापू म्हणाले. "मला पावलं ऐकू आली होती. पण म्हटलं, या वेळी घरंदाज माणूस येणार नाही, म्हणून उठलो नाही!"

"आणि निर्जन गावात अंजिरं कोण वाळवतं?" पिएरोसने फोटोवर बोट ठेवलं. "बकऱ्या?"

दिकेओस लाल झाले. मग हसू लागले. "पोरांनो, मोजणीला मी तुम्हालाच पाठवायला हवं होतं! लोकवस्ती किती लिहू, पापू?"

पापूंनी त्यांच्या कानात आकडा सांगितला.

शनिवारी लाकोवूनीत पावाच्या गाडीचा भोंगा वाजला. सहाही म्हातारे बाहेर आले. रविवारी काकाने गरम पाव खाल्ला आणि सामानाचं नावच काढलं नाही. "माझी नात सावलीकडून खरं वदवून घेते!" पापू ज्याला त्याला सांगत सुटले.

मग सप्टेंबर आला. मेताक्सिया फाट्यावरून पिरेयसच्या बसमध्ये चढली. पापू फलकापाशी उभे होते, भावंडं हात हलवत राहिली. बाहेर फलकावर नवी अक्षरं होती : 'लाकोवूनी. लोकवस्ती : सात. दुपारी माणसं झोपलेली असतात, हाक मारावी.'

सात? तिने बोटांवर नावं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच.

"पापू! चुकलंय!" ती खिडकीतून ओरडली. "सातवं कोण?"

बस हलली. पापूंनी काठीचं टोक त्या आकड्यावर टेकवलं. मग काठी उचलून तिच्याकडे रोखली, आणि बस वळेपर्यंत तशीच धरून ठेवली.