गणिताच्या वहीचं पहिलं पान

“मला नाही जमायचं, बिट्टी. आईला सांग,” असं म्हणून आत्यानं कोरा कागद परत सरकवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, पण हे नाही म्हणणं कशाच्या भीतीपोटी होतं, ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं...

आयुष्यभर नकाशांच्या कचेरीत केसाएवढ्या बारीक रेषा ओढणारी ती बाई. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला वाढवायचं म्हणून तिनं आलेली स्थळं एकामागून एक परतवली आणि त्याचा कधी शब्दानंही उच्चार केला नाही. भाऊ दातांचा डॉक्टर झाला. खाली दवाखाना, वर घर. वहिनी आतल्या खोलीत शिवणकाम करायची, आणि बिट्टी तर आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढून आता तिसरीत गेली होती.

आणि मग ती दुपार आली. बिट्टीला शाळेतून घेऊन येताना आत्या चौकात थबकली... समोर चार रस्ते, आणि त्यांतला एकही ओळखीचा नाही. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, माणसं दिसत होती, पण आपलं घर कुठल्या बाजूला ते मात्र कुणी मनातून पुसून नेल्यासारखं. “आज तू मला घरी ने बघू,” ती कसंबसं हसून म्हणाली. बिट्टीला तो खेळच वाटला. ती मिरवत पुढे चालू लागली.

दुसऱ्याच दिवशी आत्यानं गुडघ्यांचं निमित्त काढलं आणि शाळेत जाणं बंद केलं. भर रस्त्यात पोरीचा हात सुटला तर? समोरून भरधाव गाडी आली तर? पुढचा विचार तिला करवत नसे. मग एकदा शेगडीवर रिकामं भांडं जळून काळं झालं, आणि तिनं स्वयंपाकघरातूनही पाय काढून घेतला. भाऊ चिडला. “ताई, बिट्टीनं तुझं काय घोडं मारलंय, म्हणून तू अशी परक्यासारखी वागतेस?” तिनं ऐकून घेतलं. आळशी म्हणोत, आपमतलबी म्हणोत... पण खरं कळलं तर? समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या मास्तरांना त्यांच्या मुलांनी कुठल्याशा संस्थेत नेऊन ठेवलं होतं. जिना उतरताना ते भेटेल त्याला विचारत होते, “मी परत कधी यायचं?” तो प्रश्न तिच्या कानांतून जाता जात नव्हता.

“उद्या वही द्यायचीय, आत्या. सगळ्यांची पहिली पानं बाई भिंतीवर लावणार आहेत.” परत आलेला कागद हातात धरून बिट्टी रडवेली झाली होती. “मला फक्त एक मोठं घड्याळ हवंय. बाकीची बेरीज-वजाबाकीची चिन्हं मी काढीन, रंगही मीच भरीन. तू माझ्यावर रागावलीयेस का?”

त्या एका प्रश्नासरशी तिचा सारा निर्धार विरघळला. तिनं पेन्सिल उचलली.

वर्तुळ एका दमात उमटलं, कंपासाशिवाय, गोल गरगरीत. बिट्टीनं टाळ्या पिटल्या. आत्याचाही जीव भांड्यात पडला. मग तिनं बारा लिहिले, एक लिहिला, दोन, तीन... हात सराईतपणे चालला होता, मन कितीतरी दिवसांनी शांत होतं. शेवटचा आकडा लिहून तिनं कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं.

बिट्टी हसत नव्हती. “आत्या, सगळे आकडे एकाच बाजूला का गेले?”

आत्यानं कागदाकडे पाहिलं. उजव्या बाजूला आकड्यांची दाटी झाली होती आणि डावी बाजू रिकामी होती. काहीतरी चुकलंय हे तिला दिसत होतं. काय चुकलंय ते मात्र कितीही पाहिलं तरी उमगत नव्हतं... आणि त्या क्षणी तिला जेवढी भीती वाटली, तेवढी त्या चौकातही वाटली नव्हती.

तेवढ्यात भाऊ चहाला वर आला. त्यानं टेबलावर नजर टाकली. “काढायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचंस, ताई. पोरीचं पान मुद्दाम कशाला बिघडवलंस?”

आतलं शिवणयंत्र थांबलं. वहिनी बाहेर आली. तिनं कागद उचलून निरखून पाहिला. मग हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, “अहो, जरा गप्प बसा.” आणि आत्याच्या खुर्चीशी बसून तिनं विचारलं, “ताई, हे असं कधीपासून होतंय?”

काहीतरी थाप ओठांवर आली होती, पण बाहेर पडली नाही. “बिट्टीचा हात माझ्या हातात होता ग... आणि मला घर आठवलं नाही.”

भाऊ पुढे आला. “मला सांगितलं का नाहीस?”

“तू मला कुठंतरी नेऊन ठेवशील म्हणून.”

दिवसभर लोकांना ‘घाबरू नका’ म्हणणारा तो माणूस तिच्या पायांशी बसला आणि गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला. “मी तुला काय काय बोललो, ताई...”

“बोलणी सोसली रे मी. पोरीला काही झालं असतं तर ते नसतं सोसवलं.”

“उद्या आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ,” डोळे पुसत वहिनी म्हणाली. “काय सांगतील ते एकत्र ऐकू. आणि हे घर तुमचं आहे, ताई. इथून तुम्हाला कुणी हलवणार नाही.”

बिट्टी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होती. “आत्या, तू बरी कधी होणार?”

आत्यानं तिला जवळ ओढलं. “नाही ठाऊक, बाळा,” ती म्हणाली.

बिट्टीनं नवा कागद काढून आत्यापुढे ठेवला. “मग आजच काढू. तू गोल काढ. आकडे मी बोट ठेवीन तिथं लिही.”

आत्यानं वर्तुळ काढलं. इवलंसं बोट कडेनं पुढे सरकत राहिलं आणि त्याच्यामागून आकडे येत राहिले. सहा लिहून पेन्सिल अडली. बोट पुढच्या जागेवर जाऊन थांबलं होतं.

“इथं?” आत्यानं विचारलं.

“इथं,” बिट्टी म्हणाली.